धाकट्या घराची ऊब

मी, टोर्डिस लिडाल, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा धंदा शाळेची बस चालवणे, राहणार लिडाल, टेलेमार्क, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पुरती जागी असताना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. एकतीस वर्षे चाळीस पोरे घेऊन बर्फातला घाट उतरलेल्या बाईवर दबाव आणायला यायचे कोणी? यापूर्वी केलेले सर्व कागद, १९९८ साली रागाच्या भरात केलेला धरून, रद्द समजावेत.

मला मूलबाळ नाही. कागद न करता मी गेले, तर कायद्याने सगळे माझा धाकटा भाऊ आइलेव्ह याच्याकडे जाईल. सगळे त्याच्याकडे जाण्याचा प्रकार या कुटुंबात एकदा होऊन गेला आहे. पुन्हा नको.

कलम पहिले. मी राहते ते धाकटे घर, म्हणजे शेतावरच्या मोठ्या घरासमोर अंगणापलीकडे आहे ते, त्याची पडवी आणि लाकडाची खोप यांसह, माझी भाची सुन्निवा लिडाल हिला मिळावे. सुन्निवा ही आइलेव्हची थोरली मुलगी. ती नगरपालिकेत धुराडी साफ करण्याच्या आणि तपासण्याच्या कामावर आहे. तिच्या नखांतली काजळी पाहून नाक मुरडणाऱ्यांनी माझ्या घरी येऊ नये. मी मेल्यावरही येऊ नये.

कलम दुसरे. घरातली नवी शेगडी घरासोबतच राहील. ती गेल्या ऑक्टोबरात बसवली. ओतीव लोखंडाची, काचेच्या दाराची, आणि वजन माझ्या तिप्पट. तिची हकिकत इथे लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत.

गेल्या वर्षी जानेवारीत वादळाने चार दिवस वीज गेली. घरात विजेचे पाच हिटर, आणि पाचही गार. दुसऱ्या दिवशी सुन्निवा बर्फ तुडवत आली तेव्हा मी बसचालकाचा जुना कोट घालून, त्यावर रजई घेऊन स्वयंपाकघरात बसले होते.

"आत्या, आजूबाजूला एवढं रान आणि तू इथे माशासारखी गोठून बसलीयस?"

"मला सवय आहे."

"सवय नाही, हट्ट आहे. शेगडी बसव. धुराडं मी बघते."

हट्टच होता, हे मी इथे कबूल करते. वडील १९७९ साली गेले. मी थोरली. त्यांच्याबरोबर रानात लाकूड मी तोडले, गाई मी पाहिल्या. पण त्या वेळी बहिणीच्या आधी भावाचा हक्क होता, मग तो कितीही धाकटा असो. पुढे कायदा बदलला, पण आमच्या पिढीला जुनाच लागू राहिला. शेत, रान आणि मोठे घर आइलेव्हला मिळाले. मला हे धाकटे घर, आणि हयात असेपर्यंत दरवर्षी रानातले सहा गाड्या भूर्जाचे सरपण. वडिलांना वाटले, पोरीला ऊब दिली म्हणजे झाले. मला तो कागद भिकेसारखा वाटला. मी जुनी शेगडी काढून भंगारात दिली, विजेचे हिटर आणले आणि त्या सहा गाड्यांतली एक ढलपीसुद्धा घेतली नाही. त्या दिवसापासून आइलेव्हशी बोलणे म्हणजे "रस्त्यावर बर्फ आहे" एवढेच.

नवी शेगडी बसली आणि सरपणाचा प्रश्न आला. मी सुन्निवाकडून निरोप धाडला: कागदाप्रमाणे माझा वाटा पाठव. मनात म्हटले, स्प्रूसचे ओले लाकूड पाठवील, नाहीतर कुजके. दोन दिवसांनी आइलेव्ह स्वतः ट्रॅक्टर घेऊन अंगणात आला.

"पंचेचाळीस वर्षं उशीर केलास, ताई."

"लाकूड वाळायला वेळ लागतो," मी म्हटले.

गाडीत भूर्ज होते, नीट फोडलेले, टोकांना चिरा गेलेले. दोन लाकडे एकमेकांवर आपटली तर खणखणीत आवाज आला. असे लाकूड महिन्याभरात होत नाही, त्याला दोन उन्हाळे लागतात. मी विचारले, हे कुठून आणलेस?

"कुठून म्हणजे? तुझा वाटा आहे. दरवर्षी वेगळा रचतो. तू नेला नाहीस की दोन वर्षांनी आम्ही जाळतो आणि नवा रचतो. कागदावर लिहिलंय ना, मग ठेवायला नको?"

मला त्याचा फार राग आला. इतकी वर्षे सांभाळलेला राग आता ठेवायचा कुठे, हेच कळेना. मी आत गेले, कॉफी केली, आणि त्याला बाहेरच पायरीवर दिली. त्याने ती पायरीवर बसून प्यायली. पुढच्या खेपेला मी त्याला आत बोलावले.

कलम तिसरे. शेगडी वापरणाऱ्यास सूचना. आमच्या आईने शिकवले तसे मी पहिले आठ दिवस केले: ढलप्या खाली, ओंडके वर, आणि लाकूड पुरावे म्हणून हवेची झडप जवळजवळ बंद. काच काळी ठिक्कर पडली आणि धुराडे डांबरासारखे चिकट झाले. सुन्निवाने येऊन दार उघडले आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू मी शाळेतली पोर आणि ती बसचालक.

"आत्या, हिचा गळा का दाबतेस? हिला श्वास घेऊ दे. ओंडके खाली, ढलप्या वर, आणि वरून पेटव. मेणबत्तीसारखी खाली खाली जळत जाते."

मी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आग पेटवायला शिकले. घर घेणाऱ्यानेही शिकावे, म्हातारीचे ऐकू नये.

कलम चौथे. पाचही विजेचे हिटर माझा भाचा योस्टाइन, सुन्निवाचा धाकटा भाऊ, यास द्यावेत. तो स्टावांगरला खनिज तेलाच्या कामावर असतो, पोरगा स्वभावाने चांगला आहे, आणि बटण दाबण्यापलीकडे त्याला काही आवडत नाही. बँकेतली शिल्लक त्यालाच. कुऱ्हाड आणि वडिलांची करवत सुन्निवाला.

कलम पाचवे. मी बसवर रुजू झाले त्या पहिल्या दिवशी, बाई चालवते म्हणून एक गृहस्थ उणे अठरा अंशांच्या थंडीत खाली उतरले आणि सात किलोमीटर चालत गेले. त्यांच्या वारसांना काही नाही. लोकरीचे मोजे देण्याचा विचार केला होता, पण राहू दे.

कलम सहावे. या जागी मी आधी एक अट लिहिली होती. ती खोडली आहे. खोडाखोड माझीच आहे आणि बाजूला माझी सही आहे. कारण असे. आता कायद्याने शेताचा पहिला हक्क थोरलीचा, म्हणजे सुन्निवाचा आहे. पण तीन आठवड्यांपूर्वी आइलेव्हने तिच्यापुढे एक कागद ठेवला: हक्क सोडते, शेत योस्टाइनला जावे. योस्टाइनने मागितलेले नाही. आइलेव्हला वाटते, मुलगा शेतावर परत यायला एवढे पुरेल. सुन्निवाला बापाचे मन मोडवत नाही, आणि सहीही होत नाही. तो कागद ती कामाच्या डगल्यात घेऊन फिरते.

मी लिहिले होते की तिने सही केली तर हे घर तिला मिळू नये. लिहून झाल्यावर वाचले आणि अक्षर वडिलांचे वाटले. म्हणून खोडले. सुन्निवा, सही केलीस तरी घर तुझेच आहे. पण करू नकोस. मला वडिलांच्या कागदाने आयुष्यभर थंडी वाजली, तुला वाजू नये असे फार वाटते.

कलम सातवे, आज सकाळी लिहिलेले. साक्षीदार अकराला यायचे होते. त्याआधी आइलेव्ह लाकडे घेऊन आला. मी त्याला शेगडीजवळ बसवले आणि वरची कलमे मोठ्याने वाचून दाखवली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला,

"घर तिला दिलंस, ते बरं केलंस. पण सरपणाचा हक्क तुझ्याबरोबर संपतो. ती जाळणार काय?"

"रान तिचं असेल तर तिला कुणाकडे मागायला नको."

"योस्टाइनचं काय?"

"योस्टाइनला विचारलंस कधी?"

त्याने शेगडीत एक ओंडका सरकवला. दार लावून काचेतून आत पाहत त्याने विचारले,

"शेत तुला हवं होतं, हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस, ताई? वडील गेले तेव्हा?"

"तू विचारलं नाहीस. आणि मी सांगितलं नाही. दोघंही लिडालचेच."

"तिने सही केली का गं?"

"नाही अजून."

"मग तिला म्हणावं, करू नको."

"मी नाही म्हणणार. तुला तोंड आहे ना?"

तो उठला आणि गेला. साक्षीदार आले आहेत, त्यांना कॉफी दिली आहे, आणि मी खिडकीशी बसून हे लिहीत आहे. सुन्निवा मोठ्या घराच्या छपरावर धुराडे साफ करते आहे. आइलेव्ह शिडीखाली उभा राहून काहीतरी बोलतो आहे. ती खाली उतरली. तिने डगल्यातून कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने हातमोजे काढले. कागद फाडला, दोनदा. आता तो तुकडे खिशात कोंबतो आहे आणि ती त्याच्या गळ्यात पडली आहे. त्याचा सगळा सदरा काळा होणार.

मला आणखी काही वाटून द्यायचे नाही.

सही: टोर्डिस लिडाल

आम्ही खाली सही करणार, ओशिल्ड मोएन, निवृत्त परिचारिका, आणि टार्याय ब्रोटन, दुकानदार, दोघेही सज्ञान असून या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही. टोर्डिस लिडाल यांनी आम्हा दोघांच्या समक्ष, एकाच वेळी, राजीखुशीने सही केली. 'राजीखुशीने' हा शब्द आम्ही त्यांना वाचून दाखवला. एवढा पुरे का, असे विचारता त्या म्हणाल्या, "नाही. आनंदाने, असं लिहा." त्याप्रमाणे लिहिले आहे.

ओशिल्ड मोएन
टार्याय ब्रोटन

लिडाल, शुक्रवार, १४ मार्च २०२५