झाकलेलं मडकं

वर्धा, एप्रिल १९५७

एस्तेर,

तुम्हा यहुद्यांचा सण सुरू झाला असेल. इथे शेजारी असताना, सणात घरी आंबवलेलं नको म्हणून तू आंबवणाचं ते मडकं माझ्याकडे आणायचीस. "आठ दिवस सांभाळजो वं!" म्हणायचीस. इस्राएलला जातानाही ते रिकामं करून माझ्याकडेच ठेवलंस.

माझा लेक माणिक युनोच्या फौजेत गाझाच्या हद्दीवर आहे. अलीकडे रोजे धरलेले अरब, पलीकडे तुमचे शिपाई. सणात गोळीबार वाढल्याचं रेडिओ सांगतो. तुझा लेक शालोमही तिथेच ना? त्याला सांग, युनोच्या निळ्या टोपीवर नेम धरण्याआधी लहानपणीसारखी "काऊन बे, माणक्या?" अशी एक हाक मार.

पण हाक मारायला शालोम उठला, तर गोळी त्यालाच लागेल.

म्हणून हे पत्र टपालात न टाकता तुझ्याच मडक्यात ठेवून झाकण लावते.

तुझीच,
भागीरथा