नेच्याचं पान आणि साबण

५ जाने., सोमवार
तास संपल्यावर लॅब रिकामी. ढोबळे सरांनी नेचं (फर्न) आणलंय, त्यांच्या गावच्या तळ्यातलं, थेट नरखेडकडून एसटीत मांडीवर धरून. पाण्यावर तरंगणारं, गोल पानांचं. सर बॉटनीचे, मी फिजिक्सची. झाड त्यांचं, मोजमाप माझं.
चिमट्यानं एक पान पाण्यात दाबलं तर अख्खं चांदीचं झालं. बाहेर काढलं, कोरडं ठणठणीत. पानावरच्या बारीक केसांत हवा अडकते, पाणी आत शिरत नाही. वाचलं होतं हे. पण डोळ्यांनी...
सरांना म्हटलं, आता तुम्ही बुडवा. मग मी. मग पुन्हा ते. शिपाई कुलूप घेऊन आला तेव्हा उठलो.

९ जाने., शुक्र.
वाळवलेल्या पानांची परीक्षा. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधलं जुनं काळं ऑइल पाण्यावर ओतलं, वर पानं टाकली. तेल तेवढं ओढून घेतलं, पाणी तसंच. हेच हवं होतं. गाड्या धुतल्यावर नाल्यात जाणारं तेल अलीकडंच धरता आलं तर! पंचेचाळिशीत मी पीएच.डी.ला बसले, त्याचं काहीतरी होणार म्हणायचं.
आई हात पाहून, “इतकी शिकली अन् मिस्त्रीसारखे हात करून आली.” पण बीकरचा फोटो दोनदा मागून पाह्यला.

१९ जाने., सोम.
पहिली पानं संपली. सरांनी हिंगण्याकडच्या एका तळ्यातून नवी आणली, जवळ पडतं म्हणून. नाही जमलं. पान बुडवलं, ओलं झालं, तळाशी बसलं. चांदी नाही. वाळवून पाहिलं तर तेलासोबत पाणीही पितं. पुन्हा केलं. तेच.
गाइड मॅडमना फोन. “एकदाच मिळालेला निकाल म्हणजे योगायोग. फेब्रुवारीत पुन्हा दाखवा, नाहीतर विषय बदलू.”
विषय बदलायचा म्हणजे परत पहिल्यापासून. आईला नाही सांगितलं.

२२ जाने., गुरु.
सरांवर चिडले. म्हटलं, तुम्ही भलतंच काही उचलून आणलंत. ते शांत. “मॅडम, झाड तेच आहे. केसही शाबूत आहेत, मायक्रोस्कोपखाली पाहून घ्या.”
पाहिलं. शाबूत.
चहा आज वेगवेगळा.

२५ जाने., रवि.
सकाळी सरांचा फोन. “तळंच पाहून येऊ. चलता काय?”
त्यांच्या मोटरसायकलवर. जाताना दोघांच्या मध्ये माझी पर्स ठेवली. तळ्यावर बाया कपडे धुऊन राहिल्या होत्या. काठाला पांढरा फेस, आणि आमचं नेचं त्या फेसातच.
उभीच राहिले. साबण. साबणानं पृष्ठताण कमी होतो, पाणी मग बारीक फटीतही शिरतं. दरवर्षी अकरावीला शिकवते. मीच शिकवते.
सरांना सांगितलं तर ते दगडावर बसून हसत सुटले. मग मीही. कपडे धुणारी एक बाई म्हणाली, “काय झालं वं बाई?”
सर: “काही नाही मावशी, मॅडमले साबण सापडला.”
येताना रस्ताभर बडबड. गुरुवारच्या बोलण्याची माफीही मागून टाकली, मागे बसून. गाडीच्या आवाजात ऐकू गेली की नाही कोण जाणे.

२६ जाने., सोम.
झेंडावंदनानंतर लॅब उघडून घेतली. नरखेडचं एक रोप सरांनी घरी बादलीत जगवलं होतं. पान बुडवलं, चांदी. पाण्यात साबणाचा एक थेंब सोडला. चांदी गेली, हवेचे बुडबुडे वर.
हिंगण्याचं नेचं धुऊन आमच्या गच्चीवर टबात लावलं, स्वच्छ पाण्यात. नवी पानं कशी येतात ते पाहायचं. राखण आईकडे.

१२ फेब्रु., गुरु.
मी अंघोळीला, आईची गच्चीवरून हाक. “ये इकडं, तुह्यं पान चमकून राहिलं.”
ओल्या केसांनी पळाले. नवं पान, आईच्या बोटाखाली बुडलेलं, चांदीचं. आई बोट काढेना. सरांना फोन केला: चांदी आली.

१७ फेब्रु., मंगळ.
गच्चीवरच्या पानांनी तेल ओढलं, पाणी सोडलं. गाइड मॅडमसमोर पुन्हा करून दाखवलं.
पण एक अडचण मीच बोलून दाखवली. गॅरेजमध्ये गाड्या साबणानंच धुतात. मग तिथं हे चालणार नाही. वाटलं, आता संपलं. मॅडम म्हणाल्या, “कुठं चालतं आणि कुठं नाही, दोन्ही कळलं. आता हा निष्कर्ष झाला. लिहा.”
येताना गॅरेजवाल्या भाऊंना विचारलं. ते म्हणाले, “मंग आधी साधं पाणी मारू, ते तेलाचं पाणी तुमच्या पानायले. साबण मागून.” इतकं सोपं. भोकांच्या डब्यात पानं भरून परवा नाल्याच्या तोंडाशी लावायचं.

२३ फेब्रु., सोम.
पेपर पाठवला. दोघांची नावं.
संध्याकाळी सर टब पाहायला आले. आई चहा करायला खाली गेली. (चहा झालेला होता.) सर नेच्याकडे पाहत म्हणाले, “पेपर तं गेला. आता आपलं काय?”
“आपलं म्हणजे?”
“आपलं म्हणजे... आपल्या दोघांचं. मले घाई नाही. पोरीची माय गेली त्याले सहा वर्षं झाली. पोरीशी बोललो मी, ती म्हणते, त्यांना घरी तर आणा.”
मी पृष्ठताणावर काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. ते हसले, चहा पिऊन गेले.
झोप कसली.

२८ फेब्रु., शनि.
पेपरचं काही कळवलेलं नाही, इतक्यात कळवणारही नाहीत. गॅरेजच्या डब्यातली पानं काळी झाली, बदलून आले. भाऊ खूश.
उद्या सकाळच्या एसटीनं नरखेड. सरांची मुलगी पुण्याहून गावी आलीय. सर तिथल्या स्टँडवर घ्यायला येणार.
आई दारात. “काय सांगणार हायेस त्याले?”
म्हटलं, अजून काही ठरवलं नाही.
“मंग दुपारपासून साड्या काहून काढून राहिली?”
पलंगभर साड्या. खरंच की.