पलूसचे कॅथेड्रल

२ ऑगस्ट १९९४
आजपासून रोजनिशी आणि रोज दहा पाने वाचन. साताऱ्याच्या रद्दीवाल्याकडे गॉथिक चर्चवास्तूंवरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ मिळाला. वजनावर विकला गाढवाने. त्याला बाराव्या शतकाची काय किंमत! पलूस ते तासगाव या टापूत फ्रान्समधल्या शार्त्रचे कॅथेड्रल ठाऊक असलेला इसम एकच, आणि तो हायस्कुलात इतिहास शिकवतो.

५ ऑगस्ट
पान बेचाळीसपर्यंत मजल. (चित्रे बरीच आहेत.) पुढचे प्रकरण भिंतींच्या बांधणीचे. रूक्ष. मला सौंदर्यात रस, दगडविटांत नाही. ते गवंड्यांनी वाचावे.

११ ऑगस्ट
गल्लीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष शिवतेज आला. बापाचा ऊस, पोराची बुलेट, डोक्यात काही नाही. यंदा देखावा काय करायचा, विचारत होता. गेल्या वर्षी हलता मावळा केला, त्याचा हात पहिल्याच दिवशी वर अडकला तो विसर्जनापर्यंत तसाच. मी म्हणालो, कॅथेड्रल. तो म्हणाला, "म्हंजे चर्च? आवं सर, गणपती बसवायचाय!" वास्तूला धर्म नसतो हे वीस मिनिटे समजावले. बोर्डावर 'फ्रान्सचा राजवाडा' लिहायचे या अटीवर कबूल झाला. अडाण्यांशी जुळवून घ्यावे लागते.
मुख्य बातमी पुढेच. उद्घाटनाला सांगलीहून प्रियदर्शनी मॅडम येणार. आर्किटेक्ट. तिथल्या व्याख्यानमालेचे वक्ते त्याच निवडतात. कॅथेड्रल बघितले की माझे नाव पक्के. बावीस वर्षे नववी 'ब' समोर बोलतोय. एकदा तरी कुणी जांभई न देता ऐकावे, एवढीच इच्छा आहे.
सांगलीच्या भाषणाचा शेवट आजच लिहून टाकला. सुरुवात सवडीने.

२२ ऑगस्ट
काम सुरू. कोंडीबा गवंडी आहे हाताशी. बांबू, बारदान, वरून प्लास्टर. उंची पंचवीस फूट. नमुन्याला ग्रंथातला फोटो दिला, समोरून काढलेला. कोंडीबा विचारतो, बाजूनं कसं दिसतं? म्हटले, बाजूने कोण बघतो?
पाने: बेचाळीस. शाळेच्या चाचणीमुळे.

३ सप्टेंबर
पुढच्या गोल खिडकीला रंगीत जिलेटिन लावले. सौ. म्हणाली, पापड वाळत घातल्यासारखे दिसते. या घरात कलेला जागा नाही.
कोंडीबाची कुरकुर: "सर, वरचं वझं लय हाय. भित भाईर सराय लागलीया. भाईरनं टेकू द्या." मी फोटो पुढे धरला. दिसतात टेकू? नाही ना? आठशे वर्षे उभे आहे! तो थापी उचलून कामाला लागला. अभ्यासापुढे माणूस माघारच घेतो.
पाने: बेचाळीस. गौरीगणपतीची गडबड.

७ सप्टेंबर
अनर्थ. मला न विचारता कोंडीबाने दोन्ही बाजूंना तिरके बांबू ठोकले. अर्धी कमान करून भिंतीला वरून रेटलेत. फ्रान्सच्या वैभवाला म्हाताऱ्याच्या काठ्या! शिवतेजला म्हटले, काढ. तो म्हणतो, "आन् पडलं म्हंजे? गणपतीच्या डोस्क्यात?" कोंडीबाचाच माणूस तो.

९ सप्टेंबर, चतुर्थी. सकाळी ६
कुणी उठायच्या आत जाऊन डावीकडचे चार बांबू स्वहस्ते काढले. कॅथेड्रलने मोकळा श्वास घेतला.

सकाळी ६.३०
डावी भिंत किंचित झुकली आहे. इटलीत झुकलेला मनोरा बघायला लोक तिकीट काढतात.

सकाळी ७
कोंडीबाला बोलवावे लागले. तो येईपर्यंत मी आणि शिवतेज भिंतीला पाठ लावून उभे. कोंडीबाने बांबू परत ठोकले. मग विचारले, टेकू कुणी काढले? मी म्हणालो, माकडांनी. तो म्हणाला, "व्हय. लय शिकल्यालं माकड आसंल."

१० सप्टेंबर
लिहावेसे वाटत नाही. लिहितो.
काल संध्याकाळी मॅडम आल्या. मी खिडकीसमोर तयारीत उभा. त्या सरळ बाजूला गेल्या, बांबूंवरून हात फिरवला आणि विचारले, हे फ्लाइंग बट्रेस, म्हणजे हे बाहेरचे टेकू, कुणी केले? म्हणाल्या, सगळे नुसता पुढचा मुखवटा करतात, इमारत उभी कशाने राहते ते इथे दिसले. सगळ्या गल्लीने कोंडीबाकडे बोट दाखवले. माझ्यासाठी मीच निवडलेली चॉकलेटी शाल त्याच्या खांद्यावर. नोव्हेंबरात सांगलीला व्याख्यानही त्याचेच. भिंती उभ्या कशा राहतात, या विषयावर.
आभार मी मानले. त्यात कोंडीबाचे नाव राहून गेले. लोकांनी ओरडून आठवण केली.

११ सप्टेंबर
पान त्रेचाळीस उघडले. पानभर फोटो. तेच कॅथेड्रल, बाजूने. दोन्हीकडे दगडी टेकू, अर्ध्या कमानीचे, ओळीने. हुबेहूब. वाईट वाटले. फार वाईट वाटले.
संध्याकाळी कोंडीबा दारात. घाबरलेला. "सर, मला बांधाय येतं, बोलाय न्हाई. काय बोलायचं तेवढं लिवून द्या. आन् तुमी म्होरल्या रांगंत बसा, म्हंजे भ्याव वाटायचं न्हाई." सौ.ने त्याला चहा दिला. मी ग्रंथ आणि वही घेऊन बसलो. सुरुवात लिहिली, मधले लिहिले. शेवट आधीच तयार होता, तोही त्यालाच दिला.
पाने: बावन्न. आज दहा झाली.