चौसष्टचं घनमूळ

३ सप्टेंबर

वेईबाई आज माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "शाओसर, पाच मिनिटं आतल्या खोलीत येता का?" आतल्या खोलीत कशाला? म्हटलं, जे काय असेल ते इथेच बोला, सगळ्यांसमोर. बाई गडबडल्या. मग हळूच म्हणाल्या, "घनमुळासाठी तयार फंक्शन असतं ना... ते का नाही वापरत आपण?"

बस. एवढ्यासाठी आतली खोली! एक्कावन्नाव्या वर्षी, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला आलेल्या. महिनाअखेरपर्यंत अजून कच्च्या नोकरीत. आणि शिकवायला निघाल्या मला. मी म्हटलं, "विकतचे डंपलिंग खाणाऱ्यांना तयार फंक्शन लागतं. मी पीठ स्वतः मळतो." सगळे हसले. त्याही हसल्या, मान खाली घालून.

४ सप्टेंबर

त्या प्रश्नाचा राग अजून जात नाही. ताइचुंगमधल्या निम्म्या बेकऱ्या आमच्या यंत्रावर कापलेल्या खोक्यांत अननस-केक भरतात. केक लांबी-रुंदी-उंचीला सारखा, खोकंही तसंच. एका खोक्यात किती केक ते बेकरीवाला सांगतो, माझा प्रोग्राम त्याचं घनमूळ काढतो — एका बाजूला किती बसतील ते कळतं. सत्तावीस केक, बाजूला तीन. आकड्याचा एक-तृतीयांश घात काढायचा, दशांश चिन्हापुढचं छाटायचं. अर्धा केक कोण भरतं? एका ओळीचं काम. नऊ वर्षांपूर्वी आठ आणि सत्तावीस घालून तपासलं. नऊ वर्षं बिनतक्रार चाललंय.

८ सप्टेंबर

यंत्राच्या डोक्यावर कायम एक हिरवी पुडी असते, नारळाच्या चवीच्या कुरकुरीत खाऊची. खाऊचं नावच 'शहाण्यासारखं वाग' अशा अर्थाचं, म्हणून यंत्रही तसं वागतं म्हणे. पुडी हिरवीच हवी. मुदत संपलेली चालत नाही. खायची तर मुळीच नाही. आणि हे शिकलेसवरलेले इंजिनिअर!

पुडी बदलायचं काम सगळ्यांत नव्या माणसाचं, म्हणजे वेईबाईंचं. त्यांनी परवाच ताजी ठेवली होती. दुपारी भूक लागली, मी ती खाऊन टाकली आणि माझ्या खणातली एक जुनी तिथे ठेवली. यंत्र चालूच राहिलं.

१५ सप्टेंबर

घोळ. चंद्राच्या सणासाठी चौसष्ट केकच्या खोक्यांची पहिलीच ऑर्डर. बाजूला चार बसायला हवेत, यंत्राने कापली तीनची. आठशे खोकी रद्दीत.

थांगसाहेब प्रोग्रामकडे आलेच नाहीत. सरळ यंत्रावरची पुडी उचलली, उलटी करून तारीख वाचली. जूनमध्येच संपलेली. "वेईबाई, तुम्हाला एवढंही जमत नाही?"

बाईंनी पुडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "चुकलं साहेब," म्हणाल्या. मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

१६ सप्टेंबर

एकट्याने तपासलं. चौसष्टला माझी ओळ उत्तर देते ३.९९९९९९९९९९९९९९९६. छाटलं की तीन. कॉम्प्युटरला एक-तृतीयांश पुरता मांडताच येत नाही, कणभर कमी भरतो. एकशे पंचवीसचंही तेच, पाचाऐवजी चार. आठ आणि सत्तावीस मात्र बरोबर येतात. नेमके तेच दोन!

तयार फंक्शन घातलं, उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणलं. चार आले. कुणाला बोललो नाही.

१७ सप्टेंबर

खोकी बरोबर. यंत्रावर नवी पुडी, सगळ्यांनी तिला हात जोडले. साहेब म्हणाले, "बघितलंस ना शाओ? पुडीच होती." गाढवांचा बाजार आहे नुसता. मी हो म्हणालो.

२५ सप्टेंबर

वेईबाईंना कायम करायचं की नाही, तो फॉर्म माझ्याकडे आला. लिहिलं — 'निष्काळजी. कायम करू नये.' शिक्का मारला. पुडीवरची तारीख न बघणारं माणूस कोडमध्ये काय बघणार?

३० सप्टेंबर

वेईबाई आज गेल्या. जाताना मला वाकून नमस्कार केला.

त्यांच्या खणात एक कागद राहिला होता. माझ्याच ओळीची तपासणी, एकपासून हजारपर्यंत. चौसष्टला लाल गोल, एकशे पंचवीसला, दोनशे सोळाला. वर तारीख, २ सप्टेंबर. खाली पेन्सिलने: 'शाओसरांना आतल्या खोलीत सांगायचं. चारचौघांत नको, त्यांचा मान जाईल.'