सोयऱ्याचा ढीग

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता कुठं तुमच्यावर रागावता येतं. तुम्ही होतात तेव्हा कोणाची टाप होती!

वणीच्या बाजारात तुम्ही ग्रेडर. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढून चोळायचा आणि प्रत सांगायची. तुमच्या शब्दावर भाव. पण सोयऱ्याधायऱ्याचा ढीग आला की हात न लावता बाजूला व्हायचं आणि दुसऱ्या ग्रेडरला बोलवायचं, हा तुमचा नेम. तो दिवस मला अजून दिसतो. राजूरचा मामा गाडी रिकामी करून उभा आहे, तुम्ही टपरीवर चहा पिताय, आणि दुसरा ग्रेडर, ग्रेडरच्या सोयऱ्याला सांभाळलं असं कोणी म्हणू नये म्हणून, मामाच्या पांढऱ्याशुभ्र कापसाला एक प्रत खाली उतरवतो. संध्याकाळी मामा आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ओरडतो, "भाऊजी, तुमी सरकले बाजूले अन् माह्या कापसाची माती झाली! परका असतो तं बरा भाव भेटला असता." तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "सोयऱ्याचा ढीग मी पाहत नसतो." आईनं तवा आदळला. "तुमच्या खरेपणाचा भुर्दंड माह्या माहेरानं काहून भरावा?" मामाचं खरं आहे, असं मी म्हटलं तर तुम्ही मलाच झापलं, "तुले कायले पाहिजे मधात?" मामा न जेवता गेला, तो पुढं एकदम माझ्या लग्नालाच आला.

आता मीच मधात बसते, बाबा. तुमचा हात सांगायचा त्यातलं बरंचसं आता यंत्र सांगतं. ढिगात दांडी खुपसली की कापसातली ओल आकड्यात दिसते. अशी यंत्रं बनवणाऱ्या नागपूरच्या एका कंपनीत मी नोकरी करते, आणि ती कशी असावीत याचं मानक ठरवणाऱ्या समितीवर कंपनीनं मला पाठवलंय. मानकात न बसणारं यंत्र बाजारात कोणी घेत नाही. आमचे अध्यक्ष मोठे जाणकार, पण दुसऱ्या एका कंपनीचे सल्लागार. मसुद्यात त्यांनी दांडीची जी लांबी घातली ती नेमकी त्याच कंपनीच्या दांडीची. भर बैठकीत मी म्हटलं, "सर, या कलमापुरतं तुम्ही बाजूला व्हा." ते हसले. "मॅडम, ज्याला यंत्रातलं कळतं तो कोणाचं ना कोणाचं मीठ खातोच. तुम्ही कोणाचं खाता?" कलम मंजूर झालं, आमची आखूड दांडी बाद झाली, आणि आमच्या कारखान्यातली एक पाळी बंद पडली.

थकले हो मी. समोर चोर असता तर भांडले असते. तिथं सगळेच कोणाचे ना कोणाचे सोयरे. सगळ्यांनी सरकायचं म्हटलं तर ढिगात हात घालणार कोण?

आता अध्यक्षांची मुदत संपलीय, आणि गंमत पहा, त्यांनीच माझं नाव सुचवलं. मी हो म्हणून बसले. सोमवारी माझी पहिली बैठक आहे, आणि पहिलाच विषय दांडीच्या लांबीचा. फेरविचाराची मागणी आमच्याच कंपनीची. आमची दांडी चांगली आहे, बाबा, तुमची शपथ. मी खुर्ची सोडली तर उपाध्यक्ष बसतील. माणूस भला आहे, पण मॅडमच्या कंपनीवर मेहेरबानी केली असं कोणी म्हणू नये म्हणून तो आमची मागणी फेटाळेल, हे मला दिसतंय. मग उरलेली पाळीही जाईल.

तुमच्या तोंडावर हे बोलायची माझी छाती झाली नसती, म्हणून कागदावर. अजून काही ठरवलं नाही, असं मी घरी सगळ्यांना सांगते, स्वतःलाही सांगते. खोटं आहे ते. मी नाही सरकणार, बाबा.