अडतीसची पँट

निर्मल,
रविवार, ८ जानेवारी २०१७

सौ. मनकर्णा हिला माणिकरावचे आशीर्वाद.

रोज फोनवर बोलणारा नवरा पत्र कशाला लिहितो म्हणून आधी घाबरशील. घाबरू नकोस. मी हिंडून-फिरून आहे, कामावर जातो आहे. आमच्या ऑफिसातले मारोतराव दुपारच्या बसने आदिलाबादला घरी निघाले आहेत. त्यांच्या हाती हे पत्र आणि एक पिशवी देतो आहे. पिशवी पत्र वाचून झाल्यावर उघड.

इकडची हालहवाल अशी. दसऱ्याला आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, पण आमच्या दफ्तरखान्याच्या वाटण्या अजून संपलेल्या नाहीत. कोणतं गाव कुणाच्या वाट्याला गेलं ते बघून मी दिवसभर गाठोडी सोडतो आणि पुन्हा बांधतो. निजामाच्या वेळचं जुनं उर्दू वाचणारा मीच एकटा, म्हणून बदलीचा हुकूम तात्पुरता असला तरी इतक्यात परत पाठवतील असं वाटत नाही. साहेब चांगले आहेत. बोलतात तेलुगूत, रागावतात हिंदीत. खोली कोरडी आहे, पाणी सकाळी येतं.

जेवणाचं तू नेहमी विचारतेस. खानावळीत ज्वारीची भाकरी मिळते असं मी सांगितलं होतं. मिळते, पण फक्त गुरुवारी. बाकी दिवस भात, आणि खानावळीच्या कुसुमबाईंना ताट रिकामं दिसलं की त्या न विचारता वाढतात. शिवाय पहिले दोन महिने ऑफिसात रोज कुणीतरी नवा रुजू व्हायचा आणि रुजू होणारा प्रत्येक जण पेढे वाटायचा. पहिल्या आठवड्यात मी नको म्हणालो. दुसऱ्या आठवड्यात अर्धा घेतला. मग मोजणं सोडलं.

तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पुढे वाच.

दर सोमवारी सकाळी आपण अमृतरावांच्या कापसाच्या काट्यावर जायचो. गाठोडी चढायच्या आधी मी चढायचो, अमृतराव सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा ओरडायचे, आणि तू घरी येऊन कॅलेंडरवर लिहायचीस. अठ्ठ्याण्णव किलोचा माणूस दोन वर्षांत बहात्तरवर आला. लोकांना वाटलं मला मोठा आजार लागला. तुझ्या भावाने तर तुला बाजूला घेऊन विचारलं. डॉक्टरांनी शुगरच्या गोळ्या निम्म्या केल्या, त्याच दिवशी तू माझ्या जुन्या तीन पँटी आणि चार शर्ट भांडेवालीला देऊन झाकणाचं पातेलं घेतलंस. म्हणालीस, "आता ह्या पँटी घरात कायले पायजेत? तुमी का परत जाडे होऊन राह्यले?" मला इतका आनंद झाला होता की डॉक्टर निघताना जे म्हणाले ते डोक्यात शिरलंच नाही. वजन उतरवण्यापेक्षा राखणं अवघड, ते जन्मभर करावं लागतं, असं ते म्हणाले होते. मला वाटलं, हे दुसऱ्या पेशंटांसाठी असेल.

दिवाळीहून परत आल्यावर मी इथल्या बसस्टँडच्या मशीनमध्ये नाणं टाकलं. पंच्याहत्तर. तुला फोनवर बहात्तर सांगितलं. त्यानंतर त्या मशीनकडे फिरकलो नाही. तेव्हापासून कॅलेंडरवर तू जे आकडे लिहिलेस ते सगळे मी इथे खाटेवर बसून बनवलेले आहेत. घरीही त्यासाठीच आलो नाही. काम होतं, पण इतकं नव्हतं.

सारखं बहात्तर सांगून तुला शंका यायला नको म्हणून एकदा मी त्र्याहत्तर सांगितलं. तू रागावशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "एका किलोचं काय घेऊन बसले? मीबी ह्या आठवड्यापासून भात सोडते. दोघं मिळून उतरवू." पुढच्या सोमवारी मी बहात्तर सांगितलं तेव्हा तू किती खूश झालीस! मनकर्णा, वजनाची मला तेवढी लाज वाटत नाही, तुझ्या त्या भाताची वाटते.

गेल्या गुरुवारी ऑफिसात रद्दीवाला आला. मारोतरावांनी थट्टेने मला धरून त्याच्या काट्यावर चढवलं आणि ओरडले, "एक्क्याऐंशी! माणिकराव, तुमाले रद्दीत किती भावानं घालू?" सगळे हसले. मीही हसलो. शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात गेलो. शुगर एकशे नव्वद निघाली. डाव्या टाचेला महिनाभर मुंग्या येत होत्या, तेही डॉक्टरीणबाईंना सांगितलं. तुला ते सांगितलं नव्हतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, वजन पुष्कळांचं परत येतं, लवकर आलात हे बरं केलंत. गोळ्या पुन्हा पूर्ण केल्या. भात एक वाटी, रोज तासभर चालणं, दर महिन्याला तपासणी. काल कुसुमबाईंना एका वाटीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काऊन भाऊ, माझ्या हातचं आवडून नाही राह्यलं का?" त्यांची समजूत घालता घालता नाकी नऊ आले.

कालच तू म्हणालीस, "संक्रांतीले येऊन राह्यली मी." तू दारात उभी राहिल्यावर कळण्यापेक्षा आधी कळावं, म्हणून हे पत्र. फोनवर मला जमलं नसतं. तू "वजन किती भरलं" विचारलंस की तोंडातून आपोआप बहात्तर निघतं.

आता पिशवी उघड. डिसेंबरात मी इथल्या बाजारातून अडतीसची पँट घेतली होती. भांडेवाली आली की तिला दे. एका पँटीचा ती चमचासुद्धा देणार नाही, पण दे. आज मी तू शिंप्याकडून आटवून आणलेली चौतीसची घातली आहे. बटण लागत नाही, वर पट्टा आवळून शर्ट बाहेर सोडला आहे. दुसरी पँट आता माझ्याकडे नाही. उद्या हीच घालून कामावर जाणार.

कॅलेंडरवरचे आकडे खोडायचे की ठेवायचे ते तू ठरव. भात मात्र आजपासून खा. रागाव, दोन दिवस बोलू नकोस हवं तर, पण संक्रांतीला ये. उद्या सोमवार आहे. फोन कर आणि नेहमीसारखंच विचार. उत्तर खाली लिहून ठेवलं आहे, म्हणजे मला बदलता येणार नाही.

तुझा,
माणिकराव,
एक्क्याऐंशी किलो