अप्पांच्या तोंडी माझा आवाज

अप्पा, आज नांदेडला प्रोग्रॅमिंगच्या वर्गाचा पहिला दिवस होता. सरांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, आधी काय शिकलात आणि इथून काय घेऊन जायचंय. माझ्यापेक्षा कितीतरी लहान पोरंपोरी पुण्याच्या नोकरीचं बोलत होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "बीएस्सी झालंय, शाळेत संगणक शिकवते, अजून शिकायचंय," आणि बसले. खरं उत्तर तुम्हाला द्यायचं होतं.

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात तुम्ही सौदा पुकारायचात. तुरीच्या ढिगाशी उभं राहून तुम्ही भाव बोललात की पार टपरीवरचे हमाल चहा टाकून वळायचे, असं लोक अजून सांगतात. आडतीच्या दुकानातला जुना संगणक भंगारात निघाला होता, तो तुम्ही हातगाड्यावर घालून घरी आणलात. "मला यातलं काय बी कळत न्हाई. तू शीक, मग मला सांग." मी सातवीत होते. सांगण्याइतकं यायला लागलं तोवर लातूरला तुमच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. गळ्याला भोक, आवाज कायमचा गेलेला. तुम्ही पाटीवर लिहायचात, पण आईला वाचता येत नव्हतं. पाटी हातात धरून तुम्ही तिच्याकडं बघत राहायचात, ती तुमच्याकडं.

शाळेतल्या बाईंना विचारून विचारून मी माझा पहिला प्रोग्रॅम लिहिला. एक कळ दाबली की एक शब्द. शब्द माझ्याच आवाजात भरले. पाणी. चहा. दुखतंय. नको. इकडं ये. तुम्ही पहिल्यांदा कळ दाबलीत तेव्हा आई भाकरी थापत होती आणि मी तिच्याजवळ बसले होते. बाहेरच्या खोलीतून माझा आवाज आला, "चहा." आईनं माझ्या मिटलेल्या तोंडाकडं बघितलं. "बंद कर ते. अंगावर काटा यायलाय." पण आधण तिनं ठेवलं. पुढं सवय झाली. तुम्ही चिडलात तरी माझ्याच कोवळ्या आवाजात चिडायचात, "नको, नको, नको," आणि मग आम्हा तिघांनाही हसू यायचं.

तुम्ही गेल्यावर काही दिवसांनी, भर दुपारी, त्या रिकाम्या खोलीतून आवाज आला. "इकडं ये." आई हातातलं सूप टाकून धावली. मी मागोमाग गेले. खोलीत कोणी नव्हतं.

"कळ अडकली असंल," मी म्हटलं.

"अडकू दे. त्यांनी हाक मारली, मी आले." आणि ती तुमच्या खाटेवर दिवेलागणीपर्यंत बसून राहिली. मी यंत्र बंद करायला हात पुढं केला, तर तिनं मनगट धरलं.

तर मला हवंय ते हे. घसा कापण्याआधी माणसाचा स्वतःचा आवाज साठवून ठेवायचा, आणि नंतर त्यानं काहीही लिहिलं तरी ते त्याच्याच आवाजात, त्याच्याच बोलीत ऐकू यावं. जगात हे होतंय. आपल्याकडच्या माणसांसाठी मला ते करता यावं. गेल्या महिन्यात मुदखेडचे रेल्वेतले एक रिटायर गार्ड घशाच्या ऑपरेशनआधी भेटले. मी आवाज भरून घ्यायला फोन पुढं धरला. "काय बोलू?" म्हणाले. म्हटलं, वाट्टेल ते. त्यांनी बायकोला हाक मारली, नातवाला दम भरला, मग हळूच विचारलं, "शिव्या बी टाकू का?" त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तशीच रडायला लागली.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिते. आईला एक अजून सांगितलेलं नाही: मला तुमचा मोंढ्यातला आवाज आठवत नाही. स्वप्नात तुम्ही ढिगाशी उभे असता, माझं नाव घ्यायला तोंड उघडता, आणि यंत्रातल्या त्या पोरीचा, माझाच कोवळा आवाज बाहेर येतो. मी त्यालाच ओ देते.